टाइप वन मधुमेह: आतड्यातले जिवाणू आणि स्टेम सेल यांच्यावर किती भिस्त ठेवावी?

सायली_र:
माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह असल्याचे निदान होऊन काही महिने झाले आहेत. इन्सुलिनचे डोस, कर्बोदकांचा हिशेब आणि मध्यरात्री वाजणारा सेन्सर यांच्याशी घर आता जुळवून घेऊ लागले आहे, त्यामुळे हा धागा त्याविषयी नाही. अलीकडे जवळच्या माणसांकडून दोन अगदी वेगळे सल्ले आले. एकांचे म्हणणे असे की या आजाराचे मूळ आतड्यांत आहे आणि तिथले जिवाणू बदलले की शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडावर चालवलेला हल्ला थांबतो. दुसऱ्यांनी स्टेम सेल उपचाराने इन्सुलिन सुटलेल्या रुग्णांच्या बातम्या पाठवल्या आणि सोबत एका केंद्राचे माहितीपत्रकही दिले. तिथे रुग्णाच्याच चरबीतल्या पेशी काढून त्यालाच शिरेवाटे परत देतात.

या दोन वाटा एकमेकींना पर्याय आहेत, की त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे? आणि आज आम्ही थांबलो, तर हातातून कायमचे निसटेल असे यांत काही आहे का? या दुसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे. ज्यांना स्वतःचा अनुभव आहे किंवा ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निळावंती:
सायलीताई, चर्चा होत राहील, पण त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या. कोणताही उपचार सुरू असो, इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मी लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. टाइप वनमध्ये ते तोडले, तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ले साचण्याची अवस्था) होऊन पाहता पाहता जिवावर बेतते.

दुसरे असे की निदानानंतरच्या काही महिन्यांत पुष्कळ मुलांची इन्सुलिनची गरज आपोआप घटते, ज्याला सगळेच हनिमून म्हणतात. नेमक्या याच काळात आईवडील नाना उपाय करून पाहतात आणि त्या प्रत्येक उपायाला गुण आल्यासारखे वाटते.

प्रतिपिंड:
निळावंती यांचा शेवटचा मुद्दा पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावा, कारण या क्षेत्रातले निम्मे गैरसमज तिथूनच जन्माला येतात. मी रोगप्रतिकारशास्त्रात काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

स्वादुपिंडात विखुरलेल्या ज्या पेशीपुंजांचे वर्णन पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये केले, त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. टाइप वनमध्ये प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी त्यांनाच शत्रू मानून मारत राहतात. त्यामुळे रुग्णापुढे दोन वेगळ्या अडचणी उभ्या असतात: हल्ला थांबलेला नाही, आणि बहुतेक बीटा पेशी संपलेल्या आहेत. आतड्यातल्या जिवाणूंवरचे संशोधन जवळजवळ सगळे पहिल्या अडचणीशी झुंजते. स्टेम सेलपासून घडवलेल्या नव्या बीटा पेशी दुसरी अडचण सोडवतात. म्हणून मी त्यांना एकमेकींचे पर्याय म्हणणार नाही.

पहिली अडचण तशीच ठेवून फक्त दुसरी सोडवली तर काय होते, याचे उत्तर मिनेसोटा विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिले. तिथे एकसारख्या जुळ्यांपैकी निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा मधुमेही भावंडात बसवण्यात आला. जनुके तंतोतंत सारखी असल्याने परका अवयव म्हणून तो नाकारला जाण्याची भीती नव्हती आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे टाळण्यात आली. काही काळातच मधुमेह परतला. तपासणीत दिसले ते असे की बसवलेल्या स्वादुपिंडातला बाकीचा भाग सुस्थितीत होता आणि बीटा पेशी मात्र निवडून मारल्या गेल्या होत्या. हा आजार वर्षानुवर्षांनंतरही आपले लक्ष्य विसरत नाही. त्यामुळे ‘तुमच्याच पेशी आहेत, म्हणून सुरक्षित आहेत’ हे आश्वासन टाइप वनमध्ये अपुरे ठरते.

कुतूहल:
जिवाणू आतड्यात राहतात आणि हल्ला स्वादुपिंडावर होतो. या दोन ठिकाणांचा संबंध नेमका कसा जुळतो, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का?

प्रतिपिंड:
कुतूहल, शरीररचनेतच त्याचा एक धागा आहे. स्वादुपिंडालगतच्या लसिका (लिम्फ) ग्रंथींमध्ये स्वादुपिंडाबरोबरच आतड्याच्या काही भागातूनही लसिका येते. बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशी याच ग्रंथींमध्ये पेटून उठतात, त्यामुळे आतड्यातली खळबळ तिथवर पोहोचू शकते.

दुसरा धागा रासायनिक आहे. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट यांसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराच्या पेशींना ऊर्जा पुरवते. ते नियामक टी पेशींची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणाऱ्या पेशींची, वाढ करते असे २०१३ मध्ये उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत दिसले.

वाटसरू:
जिवाणूंच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा मला फिनलंड आणि रशियन करेलिया यांच्या तुलनेत दिसतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांत या आजाराला पोषक ठरणारी जनुके जवळपास सारख्या प्रमाणात आढळतात, तरी फिनलंडमध्ये टाइप वनचे प्रमाण करेलियाच्या कितीतरी पट आहे आणि जगात सर्वाधिक आहे. डायअ‍ॅबइम्यून या प्रकल्पात फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन करेलिया इथल्या बाळांच्या शौचाचे नमुने पहिली तीन वर्षे तपासले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फिनलंड आणि एस्टोनियातल्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स गटाचे जिवाणू प्रबळ होते, तर करेलियातल्या बाळांमध्ये सुरुवातीला ई. कोलायचा वाटा मोठा होता.

या दोन्ही जिवाणूंच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असते, पण दोघांचे गुण वेगळे आहेत. ई. कोलायचे लिपोपॉलिसॅकराइड प्रतिकारयंत्रणेला जोरदार डिवचते आणि त्यातून तिला संयम शिकवते, अशी संशोधकांची मांडणी आहे. बॅक्टेरॉइड्सचे ते काम करत नाही, उलट त्यात अडथळा आणते. दोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत. बदलले आहे ते बाळाचे पहिले वर्ष, आणि उत्तर तिथेच शोधायला हवे असे मला मनापासून वाटते.

शंकासुर:
वाटसरू, तुलना विचार करायला लावणारी आहे, पण त्या सीमेच्या दोन बाजूंना जिवाणूंखेरीजही पुष्कळ काही वेगळे आहे. विषाणूसंसर्ग, आहार, राहणीमान या सगळ्यांतून एकट्या जिवाणूंना दोषी किंवा तारणहार ठरवणे घाईचे होईल.

कार्यकारण सिद्ध करणारे प्रयोग आहेत ते मुख्यतः एनओडी जातीच्या उंदरांवर. हे उंदीर आपोआप मधुमेही होतात. त्यांच्यातले मायडी८८ हे जनुक काढून टाकले तर आजार होत नाही, पण त्याच उंदरांना पूर्णपणे जंतुविरहित वाढवले की तो पुन्हा होतो, हे २००८ मध्ये दाखवले गेले. म्हणजे त्यांचे संरक्षण जिवाणू करत होते. २०१३ च्या प्रयोगात नर उंदरांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लू माद्यांना दिल्यावर त्यांच्यातले टेस्टोस्टेरॉन वाढले आणि मधुमेह टळला. हे प्रयोग मी आदराने वाचतो. मात्र हाच उंदीर आजवर किती निरनिराळ्या उपायांनी वाचला आहे आणि त्यांतले माणसांत किती थोडे उतरले आहेत, हे पाहिले की सायलीताईंच्या मुलाला त्यावरून काही द्यावे असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

प्रतिपिंड:
शंकासुर यांच्याशी सहमत आहे, म्हणूनच माणसांतला सर्वांत मोठा अभ्यास पाहू. टेडी हा प्रकल्प अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन इथे चालला. आजाराचा जनुकीय धोका असलेली ८,००० पेक्षा अधिक मुले जन्मापासून त्यात घेतली गेली आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. २०१८ मध्ये त्यांतल्या ७८३ मुलांच्या शौचाच्या १०,९१३ नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध झाले. मधुमेह घडवणारा एखादा ठरावीक जिवाणू सापडला नाही. निरोगी राहिलेल्या मुलांच्या जिवाणूंमध्ये आंबवण्याची आणि लघुशृंखल मेदाम्ले तयार करण्याची जनुके अधिक होती, पण हा फरक लहान होता आणि देशादेशांनुसार बदलत होता.

त्याच प्रकल्पातला आणखी एक निष्कर्ष इथल्या पालकांनी वाचावा असा आहे. पहिल्या चार वर्षांत तोंडावाटे दिलेली प्रतिजैविके आणि बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे हल्ला सुरू झाल्याची रक्तातली खूण, यांच्यात कोणताही संबंध आढळला नाही.

मंजिरी_द:
प्रतिपिंड, तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. माझ्या लेकीला तान्हेपणी कानाच्या संसर्गासाठी पुन्हा पुन्हा प्रतिजैविके द्यावी लागली होती आणि तिला मधुमेह झाल्यापासून ते ओझे मी मनावर वागवत आले. आतड्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक लेखात आईने काय केले आणि काय केले नाही याची यादी असते. बाळाच्या दुधाबद्दलही असेच बोलले जायचे. पण १५ देशांत झालेल्या ट्रिगर या चाचणीत, गाईच्या दुधातली प्रथिने तोडून तयार केलेल्या विशेष दुधाने टाइप वनचे प्रमाण घटले नाही, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले.

सायलीताई, तुमच्यापर्यंतही असे दोषारोप पोहोचले असतील, तर ते आजच टाकून द्या.

वाटसरू:
मंजिरीताई, मुद्दा मान्य आहे. पहिल्या वर्षाकडे बोट दाखवताना ते आईवर रोखले जाते, याचे भान ठेवायला हवे.

पण टेडीच्या माहितीत एक आशेची रेघही आहे. जन्मानंतरच्या पहिल्या २७ दिवसांत ज्यांना प्रोबायोटिक मिळाले, त्या मुलांत प्रतिपिंडे उद्भवण्याचा धोका कमी दिसला आणि सर्वाधिक जनुकीय धोका असलेल्या गटात तो विशेष कमी होता. हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. त्याची पारख करण्यासाठी युरोपात धोक्यातल्या बाळांना बिफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस देऊन पाहणारी चाचणी हाती घेतली गेली.

शंकासुर:
म्हणजे ज्याला आजार आधीच झाला आहे, त्याच्यासाठी हा पुरावा उपयोगी नाही, हे इथे ठळकपणे लिहायला हवे.

रेणू_ल:
शंकासुर, निदान झालेल्यांवरही एक प्रयोग झाला आहे आणि तो विलक्षण आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये नुकतेच निदान झालेल्या, १८ ते ३० वयोगटातल्या २० रुग्णांमध्ये शौचातल्या जिवाणूंचे प्रत्यारोपण करण्यात आले. अर्ध्यांना निरोगी दात्याचे जिवाणू मिळाले आणि तुलनेसाठी उरलेल्यांना स्वतःचेच शौच प्रक्रिया करून नळीवाटे लहान आतड्यात दिले गेले. चार महिन्यांत तीनदा हे केले. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वर्षअखेरीस ज्यांना स्वतःचेच जिवाणू दिले होते, त्यांची उरलीसुरली इन्सुलिननिर्मिती अधिक चांगली टिकली. दात्याचे जिवाणू मागे पडले.

मंजिरी_द:
रेणू, हे मी लेकीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “म्हणजे माझे जिवाणू चांगलेच आहेत, फक्त ते चुकीच्या मजल्यावर राहतात!” तिच्या या निदानावर आमच्या घरात सर्वांचे एकमत झाले आहे.

प्रतिपिंड:
मंजिरीताई, तुमच्या लेकीने एका वाक्यात जे सांगितले, ते तिथल्या संशोधकांच्या तर्कापासून फार दूर नाही. मोठ्या आतड्यातले ओळखीचे जिवाणू लहान आतड्यात, जिथे प्रतिकारयंत्रणा फार सजग असते, तिथे पोहोचल्याने परिणाम झाला असावा आणि परक्या जिवाणूंशी मात्र ती झगडली असावी, असा त्यांचा एक अंदाज आहे. पण तुलनेसाठी ठेवलेला गटच सरस ठरावा आणि रुग्ण अवघे २० असावेत, तेव्हा तो निष्कर्ष मोठ्या चाचणीत पुन्हा दिसेपर्यंत उपचार ठरत नाही. घरी किंवा अनधिकृत ठिकाणी हा प्रयोग कोणीही करू नये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता, कारण दात्याच्या शौचातून प्रतिजैविकांना न जुमानणारे ई. कोलाय गेल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाला होता.

सायली_र:
सर्वांचे मनापासून आभार. जिवाणूंचे चित्र आता बरेच स्पष्ट झाले. त्या पालकत्वाच्या दोषाबद्दल मंजिरीताईंनी लिहिले, ते वाचून डोळे भरून आले. आता स्टेम सेलकडे वळूया का? माहितीपत्रकात ब्राझीलच्या एका अभ्यासाचा उल्लेख आहे आणि ‘बहुतेक रुग्ण इन्सुलिनमुक्त’ असे लिहिले आहे.

शुश्रूषा:
सायलीताई, मी रक्तपेशी प्रत्यारोपणाच्या विभागात परिचारिका आहे, म्हणून हे मी लिहिते. ब्राझीलचा अभ्यास खरा आहे, परंतु माहितीपत्रकातल्या उपचाराचा त्याच्याशी संबंध नाही.

रिबेराव प्रेतो इथे जुलिओ व्होल्तारेल्ली यांच्या गटाने निदानापासून सहा आठवड्यांच्या आतल्या रुग्णांच्या रक्तातल्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, आधी काढून गोठवून ठेवल्या. मग सायक्लोफॉस्फमाइडचे मोठे डोस आणि टी पेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे देऊन त्यांची प्रतिकारयंत्रणा जवळपास पुसून टाकली आणि नंतर त्या मूळ पेशी परत दिल्या. या पेशी बीटा पेशी बनत नाहीत. त्या फक्त प्रतिकारयंत्रणा नव्याने उभी करतात आणि दरम्यान वाचलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते. २००७ मध्ये १५ रुग्णांपैकी १४ जणांचे इन्सुलिन काही काळ सुटल्याचे जाहीर झाले. २००९ पर्यंत २३ पैकी २० जणांच्या बाबतीत तसे घडले होते, पण त्यांतल्या ८ जणांना इन्सुलिन पुन्हा घ्यावे लागले होते आणि पुढच्या वर्षांत अशांची संख्या वाढत गेली. तुलनेसाठी गट नव्हता. दोघांना न्यूमोनिया झाला आणि ९ पुरुषांच्या वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या घटली. याच पद्धतीने इतर देशांत उपचार झालेल्यांपैकी एका रुग्णाचा संसर्गाने मृत्यूही झाला.

आमच्या विभागात असे डोस घेणाऱ्या रुग्णाची अवस्था मी रोज पाहते. रक्ताच्या कर्करोगात दुसरा मार्ग नसतो म्हणून आपण ते पत्करतो. इन्सुलिनवर शाळेत जाणाऱ्या, खेळणाऱ्या मुलासाठी तो सौदा मला मान्य होणार नाही. आणि चरबीतल्या पेशी शिरेतून देणाऱ्या केंद्राने या अभ्यासाचे आकडे आपल्या पत्रकावर छापणे ही सरळसरळ दिशाभूल आहे.

रेणू_ल:
शुश्रूषा यांनी फार महत्त्वाचे लिहिले. चरबीतून, अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल पेशी हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्याही नवी बीटा पेशी देत नाहीत. त्या प्रतिकारयंत्रणेला शांत करतात आणि त्यांवर नुकत्याच निदान झालेल्यांमध्ये नियंत्रित चाचण्याही झाल्या आहेत. पण चाचणीत भाग घेणे आणि शुल्क भरून तोच प्रकार विकत घेणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, नीतिसमितीची मान्यता असते आणि सार्वजनिक नोंदणी क्रमांक असतो. त्या केंद्राला हा क्रमांक विचारा.

उत्तररात्र:
आता नव्या बीटा पेशींबद्दल मी लिहितो, कारण माझे सगळे लक्ष तिकडे लागले आहे. मला साखर खाली गेल्याची जाणीवच होत नाही. घाम नाही, थरथर नाही, थेट शुद्ध हरपते.

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या सामान्य पेशींना पुन्हा बहुक्षम, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या, मूळ पेशींच्या अवस्थेत नेले. हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये अशा बहुक्षम पेशींपासून ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची कृती दिली. त्याच परंपरेतल्या झिमिस्लेसेल या उपचाराचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते आणि बाराही जणांचे तीव्र हायपो, म्हणजे साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग, थांबले होते. चीनमध्ये तियानजिन इथल्या एका २५ वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून बनवलेले पेशीपुंज २०२३ मध्ये तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले गेले आणि अडीच महिन्यांत तिचे इन्सुलिन सुटले. हे वाचताना मला जे वाटते, ते शब्दांत मांडणे कठीण आहे.

शंकासुर:
उत्तररात्र, तुमची आशा मी समजू शकतो. तरीही सायलीताईंसाठी दुसरी बाजू लिहितो. त्या १२ जणांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे अखंड घ्यावी लागतात. चाचणीतल्या एकूण १४ जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. त्यांतला एक क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वराने झाला, जो दडपलेल्या प्रतिकारशक्तीत होणारा आजार आहे, तर दुसरा आधीपासूनच्या मेंदूविकारातून झाला. तियानजिनच्या तरुणीचे यकृत प्रत्यारोपण आधीच झालेले असल्याने ती ही औषधे घेतच होती. त्यामुळे स्वतःच्या पेशी औषधांविना टिकतात का, हा प्रश्न तिच्यावरून सुटत नाही. औषधे टाळण्यासाठी पेशी छोट्या उपकरणात बंद करून बसवण्याचा प्रयत्नही झाला, पण पुरेसे सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिन बनताना त्याच्यासोबत तयार होणारा आणि त्याचे माप देणारा पदार्थ) न मिळाल्याने तो २०२५ मध्ये थांबवला गेला.

उत्तररात्र:
हे मी वाचले आहे आणि तरीही संधी मिळाली तर मी तयार आहे. रस्त्यात कोसळण्याची भीती ज्याने अनुभवली नाही, त्याने औषधांच्या धोक्याचे माप माझ्यासाठी काढू नये, असे मला आदरपूर्वक वाटते. तो उपचार आज माझ्यासारख्यांसाठीच तपासला जातो आहे, लहान मुलांसाठी नव्हे, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे.

शंकासुर:
मान्य आहे. हा निर्णय तुमचाच आहे.

प्रतिपिंड:
या दोघांच्या संवादातूनच पुढची दिशा दिसते: औषधांची गरज उरणार नाही, अशा पेशी घडवणे. स्वीडनमधल्या उप्साला इथे एका दात्याच्या बीटा पेशींची जनुके संपादित करून, त्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून निसटतील अशा बनवून, रुग्णाच्या हाताच्या स्नायूत बसवल्या गेल्या. प्रतिकारशक्ती दडपणारे एकही औषध न देता १२ आठवड्यांनंतरही त्या इन्सुलिन तयार करत होत्या, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. डोस लहान होता, रुग्ण एकच होता आणि त्याचे इन्सुलिन सुटले नाही. तरीही मिनेसोटातल्या जुळ्यांनी जो प्रश्न उभा केला होता, त्याला मिळालेले हे पहिले धडधडीत उत्तर आहे, असे मी मानतो.

कुतूहल:
जिवाणू आणि स्टेम सेल या दोन वाटा कुठे एकत्र येतात का, हा सायलीताईंचा मूळ प्रश्न अजून अर्धा शिल्लक आहे.

शुश्रूषा:
कुतूहल, आमच्या विभागात त्या रोज एकत्र येतात. रक्तविकारांसाठी दुसऱ्याच्या मूळ पेशी घेणाऱ्या १,३६२ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबुर्ग आणि साप्पोरो या चार केंद्रांतले हे रुग्ण होते. ज्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचे वैविध्य घटले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. प्रतिकारयंत्रणा नव्याने उभी राहते, तेव्हा आतड्यात कोण वस्तीला आहे याने फरक पडत असावा. मधुमेहात याचे काय होते हे पाहण्याजोगे आहे, पण कर्करोगातले आकडे तसेच उचलून इथे लावता येणार नाहीत.

रेणू_ल:
औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने एक जोड देते. प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध रक्तात फार अरुंद मर्यादेत ठेवावे लागते. कमी पडले तर पेशी नाकारल्या जातात. जास्त झाले तर मूत्रपिंडांना इजा होते आणि ते बीटा पेशींनाही घातक ठरते. फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा ब्युटिरेट बनवणारा, एरवी हितकर मानला जाणारा जिवाणू या औषधाचे कमी प्रभावी रूपात परिवर्तन करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या ज्या रुग्णांमध्ये हा जिवाणू अधिक होता, त्यांना औषधाचा मोठा डोस लागत होता. म्हणून एखादा जिवाणू ‘चांगला’ असे म्हणताना कोणासाठी आणि कोणत्या वेळी, हे विचारावे लागते. प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने वैद्यांना न विचारता प्रोबायोटिक सुरू करू नये, याचे हेही एक कारण आहे.

सायली_र:
एवढ्या आपुलकीने लिहिणारी माणसे इथे आहेत, याचा फार आधार वाटला. त्या केंद्राला मी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. उत्तरात मला ‘मर्यादित काळाची सवलत’ कळवण्यात आली, त्यामुळे तो विषय आमच्यासाठी संपला आहे. पण निसटणाऱ्या वेळेचा माझा प्रश्न अजून आहे. आणि मुलाला एक धाकटी बहीण आहे.

प्रतिपिंड:
सायलीताई, वेळेला महत्त्व आहे, हे खरे आहे. उरलेल्या बीटा पेशी वाचवण्याच्या औषधांच्या चाचण्या निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यांत किंवा महिन्यांत होतात. टेप्लिझुमॅब ८ ते १७ वयाच्या मुलांना निदानानंतर सहा आठवड्यांत आणि बॅरिसिटिनिब १० ते ३० वयाच्या रुग्णांना शंभर दिवसांत दिले गेले होते. दोन्हींनी सी-पेप्टाइड तुलनेने चांगले टिकवले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिन कायमचे सुटले, असे त्यांतून झालेले नाही. मुलाच्या डॉक्टरांना सी-पेप्टाइड तपासण्याबद्दल आणि एखादी नोंदणीकृत चाचणी अजून खुली आहे का याबद्दल विचारा. मात्र नव्या बीटा पेशींच्या उपचारासाठी अशी कोणतीही मुदत नाही. झिमिस्लेसेल मिळालेल्यांचा मधुमेह जुनाच होता आणि त्यांचे स्वतःचे इन्सुलिन संपलेले होते. आज थांबल्याने तुमच्या मुलासाठी ते दार बंद होत नाही, याची खात्री बाळगा.

निळावंती:
याला मी जोड देते. बॉस्टनमधल्या जोस्लिन केंद्राने इन्सुलिनवर ५० वर्षांहून अधिक काळ काढलेल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या शरीरात अजूनही थोडे स्वतःचे इन्सुलिन तयार होत असल्याचे दिसले. बीटा पेशी आपल्याला वाटते त्याहून चिवट असतात. साखर शक्य तितकी नियंत्रणात ठेवणे हे काही निव्वळ वाट पाहणे नव्हे. उद्याचा उपचार येईल तेव्हा डोळे आणि मूत्रपिंडे धडधाकट असावीत, याची ती तयारी आहे.

शुश्रूषा:
धाकट्या लेकीबद्दल लिहिते. टाइप वन असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांत हा आजार साधारण वीसांतल्या एकाला होतो, म्हणजे बहुतेक भावंडांना तो होत नाही. जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर आणि इन्सुलिन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात पाहता येतात. त्यांतली दोन किंवा अधिक पुन्हा केलेल्या तपासणीतही आढळली, तर साखर अजून सामान्य असतानाच आजाराचा पहिला टप्पा सुरू झाला आहे असे मानतात. पुढे साखर बिघडू लागलेल्या दुसऱ्या टप्प्यासाठी टेप्लिझुमॅबला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती आधारलेली आहे, तिच्यात प्रत्यक्ष मधुमेह साधारण दोन वर्षे पुढे ढकलला गेला. प्रतिपिंडे लवकर कळण्याचा आणखी एक मोठा फायदा असा की अशी मुले कीटोअ‍ॅसिडोसिसच्या अवस्थेत दवाखान्यात पोहोचण्याची वेळ सहसा येत नाही.

सायली_र:
पुढच्या भेटीत सी-पेप्टाइड आणि लेकीची प्रतिपिंडे या दोन्हींबद्दल विचारते. लेकीची चाचणी एकदा निर्दोष आली, तर पुन्हा करावी लागते का?

शुश्रूषा:
हो, प्रतिपिंडे नंतरही उद्भवू शकतात, त्यामुळे लहान वयात एकदा निर्दोष आलेली चाचणी कायमची ग्वाही देत नाही. पुन्हा कधी करायची, हे तिच्या वयानुसार डॉक्टर ठरवतील. आणि मुलाचे सी-पेप्टाइड तपासताना त्याच वेळची रक्तशर्करा नोंदवायला सांगा, कारण साखर फार खाली असताना सी-पेप्टाइडही कमी दिसते आणि उगाच मन खचते.